नागपूरच्या वसंतासाठी स्वतःची प्लेलिस्ट कशी करावी

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पण नागपुरात वैशाख लागेपर्यंत पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिसाकडे सरकलेला असतो, तेव्हा फुलांचं कौतुक कोण करणार? आपल्याकडे वसंत आधीच येऊन जातो. वसंत पंचमीला चाहूल लागते, फाल्गुनात तो भरात असतो आणि पाडव्याला गुढी उभारताना पाठीला ऊन चटके देऊ लागलेलं असतं. हाती लागतात जेमतेम आठ आठवडे. म्हणून प्लेलिस्ट वसंत पंचमीच्या आधीच्या रविवारी करायला घ्या. मार्चअखेरीला केलेली यादी ऐकायला वेळच उरत नाही.

आधी बाहेर पडा, फोन नंतर

अॅपमध्ये नुसतं ‘वसंत’ असं शोधलंत तर बर्फ वितळणाऱ्या देशांचं संगीतही समोर येईल. ते सुंदर असतं, पण आपला वसंत तसा नाही. इथे पानगळ आणि फुलं एकाच वेळी येतात. पळसाला पान नसतं तेव्हा तो पेटतो, काटेसावर उघड्या फांद्यांवर लाल होते. त्यामुळे आपल्या यादीत थोडा कोरडेपणा, थोडी हुरहूर असायलाच हवी.

एखाद्या सकाळी सेमिनरी हिल्सवर किंवा अंबाझरीच्या बाजूला तासभर चाला आणि काय ऐकू येतं ते कागदावर लिहा. वाळक्या पानांचा चुरचुराट. तांबट पक्ष्याची टुक्-टुक्-टुक्, एकाच लयीत, कुणी भांडं ठोकत बसल्यासारखी. कोकीळ. जमलं तर काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत जाऊन या. आंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या या हंगामाची, पांढरी फुलं याच दिवसांत येतात आणि त्यांचा वास बांधावरूनच कळतो. घरी आल्यावर त्या कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे आठवेल ते गाणं लिहा. एखादी ओळ रिकामी राहिली तर राहू द्या.

कणा रागांचा ठेवा

हे करताना घाई करू नका, कारण आपल्या संगीतात या ऋतूसाठी स्वतंत्र राग आहेत. बसंत आणि बहार हे त्यातले दोन मुख्य. एरवी बसंत उत्तररात्रीचा आणि बहार मध्यरात्रीच्या सुमाराचा, पण वसंतात ते कोणत्याही वेळी गायची मुभा आहे. तेव्हा सकाळच्या चहासोबत ऐकलेत तरी चूक नाही.

दोघांचे स्वभाव वेगळे. बसंतात रिषभ-धैवत (रे-ध) कोमल, म्हणजे थोडे उतरलेले, मध्यम (म) शुद्ध आणि तीव्र दोन्ही, आणि गाणं सतत वरच्या षड्जाकडे (सा) ओढ घेतं. त्यात आनंद असतो, पण त्याला एक कळ असते. पळस पाहताना मला तोच आठवतो. बहारात गंधार (ग) कोमल, निषाद (नी) कोमल-शुद्ध दोन्ही, चाल नाचरी. मोहोरलेल्या आंब्याला तो शोभतो. तिसरा हिंडोल. रिषभ-पंचम (रे-प) वगळलेला पाच स्वरांचा राग, तीव्र (चढ्या) मध्यमामुळे एकदम धारदार. तो सकाळचा आहे, पण यादीत एकच ठेवा. आणि होळीच्या आठवड्यासाठी काफी रागातली होरी, म्हणजे होळीचं गाणं, हवीच.

रागाचा विस्तार करणारे तास-तासभराचे ख्याल प्लेलिस्टमध्ये बसत नाहीत, अशी बऱ्याच जणांची अडचण असते. त्यावर उपाय मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचा. त्यांच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचंच ध्वनिमुद्रण मावायचं, म्हणून त्या पिढीच्या गवयांनी अख्खा राग तीन मिनिटांत उभा करायची कला साधली. राग, गायक आणि ‘जुनं ध्वनिमुद्रण’ असं शोधलं की ही रत्नं सापडतात. शास्त्रीय संगीताची सवय नसलेल्या माणसासाठी यादी करत असाल तर १९५६च्या ‘बसंत बहार’ चित्रपटातलं भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांचं द्वंद्वगीत सुरुवातीला ठेवा. तिथून पुढचं दार आपोआप उघडतं. आणि आपल्या गावाचा आवाज म्हणून गायक वसंतराव देशपांडे. ते इथेच वाढले, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, पण माणूस गाण्यातच भेटतो.

घरातलं एक गाणं

अॅपवर न मिळणारं एक तरी गाणं यादीत असावं. माझ्या आत्याला विचारलं, तर महालातल्या त्यांच्या भजनी मंडळात फाल्गुनात म्हणायची एक गवळण तिने जेवता जेवता म्हणून दाखवली. दुसऱ्या कडव्याला अडली, हसली, पुन्हा सुरू झाली. मी फोन ताटाशेजारी ठेवून ते मुद्रित केलं. वाटीला चमचा लागल्याचा आवाजही त्यात आला आहे आणि तो मी काढलेला नाही.

आई, काकू, शेजारच्या आजी, कुणालाही विचारा. मुद्रण करताना पंखा बंद ठेवा आणि फोन हातात धरू नका. पहाटे सहाला गच्चीच्या कठड्यावर फोन दहा मिनिटं ठेवलात तर तांबट किंवा कोकीळही मिळेल. त्यातलं एक मिनिट पुरे.

क्रम लावताना सा जुळवा

यादी बिघडते ती बहुतेक वेळा क्रमात. गाणी एकेकटी चांगली असतात, पण एक संपून दुसरं लागलं की कानाला ठेच लागते. कारण प्रत्येक गायकाचा षड्ज, म्हणजे आधाराचा सा, वेगळा. पुरुषांचा बहुधा पेटीच्या काळी एक-दोनच्या (पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या. एक गाणं संपलं की त्याचा सा तोंडाने गुणगुणत धरा आणि तसंच दुसरं लावा. सा तोच असेल किंवा नवा सा पहिल्याच्या मध्यम-पंचमावर पडत असेल, तर सांधा कळतही नाही. अर्ध्या स्वराचाच फरक असेल तर ती दोन गाणी शेजारी ठेवू नका. मध्ये पाखराचा आवाज टाका. मला हे कळायला दोन वसंत गेले.

बाकी क्रम दिवसासारखा ठेवा. सुरुवात आलापाने (तालाशिवायच्या संथ गाण्याने), मग हिंडोल, मध्यावर बहार आणि होरी, मग आपल्याला आवडणारी भावगीतं-सिनेगीतं, आणि उतरत्या उन्हात बसंत. एकूण पन्नास-साठ मिनिटं, दहा-बारा तुकडे. त्याहून लांब यादी कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

थोडं तांत्रिक

अॅपच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज समान ठेवायची सोय असते, ती सुरू करा, नाहीतर जुनी तबकडी कुजबुजते आणि पुढचं गाणं ओरडतं. मैफलीच्या मुद्रणातलं निवेदन नको असेल तर दुसरं मुद्रण शोधा. गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा. रामटेकच्या वाटेवर पळस बघायला गाडी थांबवाल तेव्हा रेंजच्या भरवशावर राहू नका. यादीच्या नावात साल लिहा आणि पुढच्या वर्षी जुनी न पुसता नवी करा. आत्याची गवळण तेवढी दर वर्षी नव्या यादीत घ्या.

आणि पहिल्यांदा ऐकाल ते खिडक्या उघड्या ठेवून, होळीच्या आतच. एकदा कूलर काढला, त्याच्या गवताच्या ताट्या भिजवल्या आणि त्याची घरघर सुरू झाली की बसंताचा आलाप पावसाळ्यापर्यंत नीट ऐकू येत नाही.