वायफाय अडतंय? आधी कूलर कुठे आहे ते बघा

घरच्या कॉम्प्युटरवर वायफाय अडलं की लोक राउटर बंद-चालू करतात, मग ड्रायव्हर बदलतात, शेवटी विंडोजच नव्याने टाकायला निघतात. त्याआधी एकच गोष्ट ठरवून घ्या: दोष कॉम्प्युटर आणि राउटरच्या मधला आहे, की राउटरच्या पलीकडचा? पाच मिनिटांत कळतं.

स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून काळी खिडकी उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' टाका (कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या). 'डिफॉल्ट गेटवे' म्हणजे राउटरचा पत्ता. त्यासमोरचा आकडा टिपा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तिथे काहीच नसेल आणि कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. ते नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका.

गेटवे दिसत असेल तर त्याला दोन मिनिटं पिंग करा, म्हणजे छोटे निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा: 'पिंग', स्पेस, तो आकडा, स्पेस, 'डॅश-टी'. थांबवायला कंट्रोल-सी. उत्तरं १ ते १० मिलिसेकंदांत, न चुकता आली तर वायफाय ठीक आहे. मग ८.८.८.८ला (हा इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) पिंग करा. तेही चाललं आणि तरी साइट उघडत नसेल, तर गडबड डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची. ८.८.८.८ गप्प आणि फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा असेल, तर कंपनीला फोन करा. घरात काही करण्यासारखं नाही. वीज जाऊन आली असेल, तर मात्र डब्याला आधी तीन-चार मिनिटं द्या.

गेटवेलाच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर दोष घरातला.

हिवाळ्यात नीट चालणारं वायफाय एप्रिलमध्ये अडायला लागलं, तर राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक सरळ रेघ कल्पून बघा. त्या रेघेत कूलर आलाय का? लोखंडी पत्रा लहरी परतवतो, टाकीतलं पाणी आणि वाळ्याच्या ओल्या ताट्या त्या शोषून घेतात. स्टीलच्या आलमारीचंही तेच. राउटर दोन-तीन फूट बाजूला आणि पाच-सहा फूट उंचीवर लावला तरी फरक पडतो. पिंग चालू ठेवूनच जागा बदला, म्हणजे परिणाम लगेच दिसतो. दुसरं म्हणजे, बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो. टीव्हीमागे किंवा बंद कपाटात राउटर ठेवू नका. दुपारीच तुटतं आणि रात्री नीट चालतं, असं असेल तर उष्णतेवर संशय घ्या.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफायचा ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा फार जात नाही, तिथे राउटरचा दुसरा, २.४चा पट्टा वापरा. मनीषनगर-बेसासारख्या दाट फ्लॅट स्कीममध्ये उलटं: शेजाऱ्यांच्या राउटरांनी २.४ची गर्दी झालेली असते, म्हणून ५ बरं. २.४वरच राहायचं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. मधलं चॅनल दोन्हीकडच्यांशी भांडतं.

आता कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. वायफाय असलेल्या मदरबोर्डसोबत अँटेना डब्यात सुट्या येतात आणि कित्येकदा डब्यातच राहतात. पितळी पेचांवर त्या हाताने घट्ट बसवा. वायफायचं यूएसबी डोंगल असेल तर ते मागच्या निळ्या पोर्टमध्ये नको. यूएसबी ३चा गोंगाट नेमका २.४च्या पट्ट्यात येतो. एक मीटरची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणा.

काही वेळ कॉम्प्युटर तसाच सोडल्यावर वायफाय तुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढा.

विंडोजच्या सेटिंगमधलं 'नेटवर्क रिसेट' अगदी शेवटी. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, म्हणून ते आधी कागदावर लिहून ठेवा.