सिग्नलला रस्ता कसा ओलांडावा, आणि पायी चालणाऱ्याने लाल दिवा पाळावा का

पायी चालणाऱ्याने सिग्नल पाळावा का, असं पुण्यात कुणालाही विचारा. आधी तो हसतो, मग विचारतो, "गाडीवाले पाळतात का?" त्याचं अगदीच चुकत नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसलेले असतात आणि जे उरलेत त्यांच्यावर दुचाकींची पुढची चाकं टेकलेली असतात. डाव्या बाजूने फ्री लेफ्टवाले सतत घुसत असतात, आणि माणसाच्या चित्राचा दिवा असलाच तर तो चालू असेल याची खात्री नसते. अशा चौकात आपणच तेवढे शहाण्यासारखे उभे राहिलो तर मागचे लोक धक्का मारून पुढे जातात.

तरी माझं उत्तर आहे, पाळावा. त्यात शिस्तीचं कौतुक नाही, सरळ हिशोब आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळपास पाचात एक. हिरवा मिळालेला गाडीवाला माणसं शोधत नसतो, पुढची मोकळी जागा शोधत असतो. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला तुम्ही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावरसुद्धा गाडी थांबेपर्यंत वीसेक मीटर पुढे येते. वेग ६० असेल तर पस्तीस मीटरच्या वर. पावसात किती, ते सांगायला नको.

मात्र लाल पाळला म्हणजे काम झालं असं नाही. खरी मेख हिरव्यात आहे.

आधी दिवा कुणाचा आहे ते बघा

काही चौकांत पादचाऱ्यांसाठी वेगळा दिवा असतो: उभा लाल माणूस, चालणारा हिरवा माणूस. मुंबईत दादरला २०२० साली महापालिकेने या दिव्यांमध्ये पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती बसवली, तेव्हा त्यावर भरपूर चर्चा झाली. आकृती कुणाचीही असो, अर्थ तोच. लाल असेल तर फुटपाथवर थांबा. स्थिर हिरवा असेल तर निघा. हिरवा लुकलुकायला लागला की गोंधळ होतो, कारण बहुतेकांना ती 'पळा' अशी सूचना वाटते. लुकलुकणाऱ्या हिरव्याचा अर्थ असा की रस्त्यात असाल तर पार व्हा, आणि फुटपाथवर असाल तर आता निघू नका.

बहुसंख्य चौकांत मात्र वेगळा दिवा नसतोच, किंवा असून बंद असतो. मग गाड्यांच्या दिव्यावरून आपला दिवा ओळखावा लागतो. ते जमलं की रस्ता ओलांडणं बरंच सोपं होतं, आणि हे कुणी शिकवत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

चौकाची एक फेरी नुसती बघा

नवीन चौक असेल तर लगेच निघू नका. दिव्यांची एक पूर्ण फेरी होऊ द्या. दीड-दोन मिनिटं जातील, पण चौक कसा चालतो ते कळेल.

तुम्हाला जो रस्ता ओलांडायचा आहे त्याला आपण 'आपला रस्ता' म्हणू. मध्ये दुभाजक आहे. दुभाजकाच्या एका बाजूने गाड्या चौकात शिरतात, दुसऱ्या बाजूने चौकातून बाहेर पडून आपल्या रस्त्याला लागतात. फुटपाथवरून समोर बघत उभे राहा. चौक डाव्या हाताला असेल, तर तुमच्यापुढचा पहिला अर्धा रस्ता शिरणाऱ्या गाड्यांचा. चौक उजव्या हाताला असेल, तर पहिला अर्धा बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा. दोन्ही वेळा पहिल्या अर्ध्यात गाड्या उजवीकडूनच येतात, म्हणून शाळेत शिकवलेलं 'आधी उजवीकडे बघा' अजूनही बरोबर आहे.

शिरणाऱ्या अर्ध्यावर सिग्नलचा थेट ताबा असतो. आपल्या रस्त्याला लाल पडला की तो थांबतो. बाहेर पडणाऱ्या अर्ध्याला स्वतःचा दिवाच नाही. तिथे समोरच्या रस्त्याने सरळ येणारे, एका बाजूने डावीकडे वळणारे आणि दुसऱ्या बाजूने उजवीकडे वळणारे, असे आळीपाळीने येत राहतात. आणि आपल्याकडच्या पुष्कळ चौकांत एका वेळी एकच रस्ता सुटतो.

आता हिशोब करा. आपल्या रस्त्याला लाल आहे तोवर शिरणारा अर्धा मोकळा, पण बाहेर पडणाऱ्या अर्ध्यात कुणी ना कुणी येतंच आहे. आपल्या रस्त्याला हिरवा पडला की शिरणारा अर्धा धावतो आणि बाकी तिन्ही रस्ते थांबलेले असल्याने बाहेर पडणारा अर्धा जवळजवळ रिकामा होतो. म्हणजे वेगळा पादचारी दिवा नसेल तर अशा चौकात पूर्ण रस्ता मोकळा असा क्षण फेरीत येतच नाही. 'इथे कधीच ओलांडता येत नाही' म्हणून लोक चिडतात आणि मध्येच घुसतात, त्याचं मूळ इथे आहे.

उपाय म्हणजे रस्ता दोन हप्त्यांत ओलांडायचा. लाल असताना शिरणारा अर्धा पार करून दुभाजकावर थांबायचं, आणि आपल्याच रस्त्याला हिरवा पडल्यावर उरलेला अर्धा. पलीकडच्या फुटपाथवरून येणाऱ्याने हेच उलट करायचं: आधी हिरव्यात बाहेर पडणारा अर्धा, मग लालमध्ये शिरणारा. हिरव्यातही दोघांवर लक्ष ठेवावं लागतं. एक फ्री लेफ्टवाले, दुसरे आपल्याच रस्त्यावरून चौकात शिरून यू टर्न मारणारे. यू टर्नवाला मान उजवीकडे वळवून वाट शोधत असतो आणि तुम्ही त्याला शेवटच्या क्षणी दिसता.

काही चौकांत समोरासमोरचे दोन रस्ते एकदम सुटतात. तिथे हे गणित चालत नाही. आपला आणि समोरचा रस्ता लाल असताना, म्हणजे आडवा रस्ता वाहत असताना, एका दमात जायचं. वळून आपल्या रस्त्याला लागणारे तेवढे सांभाळायचे. कुठला प्रकार आहे ते त्या पहिल्या फेरीतच कळतं.

अलका टॉकीजच्या चौकासारख्या, चारपेक्षा जास्त तोंडं असलेल्या ठिकाणी डोक्यात नकाशा काढायच्या फंदात पडू नका. एका वेळी एक तोंड, एका वेळी अर्धा रस्ता.

प्रत्यक्ष ओलांडताना

१. फुटपाथवर किंवा त्याच्या कडेला थांबा, रस्त्यात उतरून नाही. सगळे दोन पावलं पुढे जाऊन उभे राहतात. वळणाऱ्या बसचं मागचं चाक आतून कापत येतं, ते नेमकं तिथूनच जातं.

२. दिवा बदलला की मनात एक-दोन म्हणा. पिवळ्यात 'निघतंय तोवर काढू' म्हणणारा शेवटचा रिक्षावाला तेवढ्यात जातो.

३. दिवा बघून झाला की चाकं बघा. पहिल्या रांगेतल्या गाड्यांची चाकं थांबलेली असतील तरच पाऊल टाका. चालकाकडे बघावं हे खरं, पण हेल्मेटची काच आणि काळ्या काचांच्या पलीकडे कोण कुठे बघतंय ते कळत नाही. चाक मात्र दिसतं.

४. रस्त्यात थांबलेली बस किंवा टेम्पो ओलांडताना त्याच्या पुढच्या कोपऱ्याशी अर्धा क्षण थांबा आणि मान पुढे काढून पलीकडे बघा. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. बस थांबलीय म्हणून आपण बिनधास्त चालतो आणि बसच्या पलीकडून, दुभाजकाला घासून, एक दुचाकी पुढे यायला बघत असते. तिला आपण दिसत नाही, ती आपल्याला दिसत नाही.

५. दुभाजकावर पोचलात की पुन्हा नव्याने सुरुवात. पुढचा अर्धा हा वेगळा रस्ता आहे असं धरा आणि गाड्या येतात त्या बाजूला तोंड करून उभे राहा. दुभाजक अरुंद असेल, किंवा त्यावर कठडा आणि झुडपंच असतील, तर तिथे दोन हप्त्यांचा नाद सोडा आणि पुढचा क्रॉसिंग गाठा.

६. वन-वेवर दोन्हीकडे बघा. लक्ष्मी रोडला गाड्या एकाच दिशेने जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी उलटीकडून कोणी येणार नाही याची खात्री देता येत नाही.

मोबाइल खिशात, कानातलं बाहेर. यावर आणखी लिहीत नाही.

काउंटरबद्दल एक गोष्ट. थांबलेल्या गाड्यांपुढे उलटे आकडे चालतात तिथे पाच उरले म्हणजे आपल्याला पाच सेकंद आहेत असं नाही. तीन-चार उरले की एक्सलेटर पिळले जातात आणि पहिली रांग सरकायला लागते. शेवटचे पाच सेकंद आपले नाहीतच असं धरून चाला.

वेळ पुरेल का

पादचाऱ्यांसाठी सिग्नलचा वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत आहे. २४ मीटरचा रस्ता त्या वेगाने वीस सेकंदांत होतो. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटरने चालत असेल तर तिला तीस लागतात. म्हणजे सिग्नल बिघडलेला नाही, तो आजीसाठी लावलेलाच नाही. अशा वेळी घाई करू नये. स्थिर हिरवा अर्धा उलटून गेला असेल तर निघूच नका, पुढच्या हिरव्याची वाट बघा आणि तो लागताक्षणी निघा. बरोबर कुणी असेल तर त्याने गाड्या येतात त्या बाजूने चालावं.

लहान मुलाचा पंजा नाही, मनगट धरा. पंजा सुटतो.

हात दाखवून जावं का?

तळहात पुढे करून, गाड्यांकडे न बघता चालत सुटायचं, ही आपली जुनी कला आहे. दिवा नसलेल्या क्रॉसिंगवर तिचा उपयोग होतो. तिथे झेब्रावर पादचाऱ्याचा हक्क पहिला, असं वाहतुकीचे नियमही सांगतात, आणि हात दाखवल्याने तुम्ही लवकर नजरेत येता. पण वेग कमी असलेल्या गाडीपुढेच, आणि तिच्याकडे बघत. समोर हिरवा मिळालेला घोळका सुटलेला असताना हात दाखवणं म्हणजे पहिला थांबेल, दुसरा त्याच्यावर आदळेल आणि तिसरा त्याला चुकवून तुमच्या अंगावर येईल, अशी सोय करणं. शिवाय अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला आणि पादचाऱ्याचाही निष्काळजीपणा ठरला, तर रक्कम कापली जाऊ शकते.

चौकात मामा, म्हणजे वाहतूक पोलिस, उभे असतील तर दिव्यापेक्षा त्यांचा हात मोठा. दिवा हिरवा आणि मामांचा हात आडवा, तर थांबायचं. त्यांना सांगितलं तर ते बहुधा म्हाताऱ्या माणसांसाठी गाड्या अडवतात, फक्त सांगावं लागतं.

रात्री सिग्नल पिवळा लुकलुकत असतो. त्याचा अर्थ गाड्यांनी जपून जायचं, थांबायचं नाही. तुमच्यासाठी तो चौक तेव्हा बिनसिग्नलचा. पूर्ण अंतर मोकळं दिसल्याशिवाय उतरू नका, आणि रिकाम्या रस्त्यावर गाड्यांचा वेग दिवसापेक्षा जास्त असतो हे लक्षात घ्या.

भुयारी मार्ग किंवा पूल असेल तर? मुंबईत सीएसएमटीसमोरचा भुयारी मार्ग लोक मुकाट्याने वापरतात, कारण तो स्टेशनच्या वाटेवरच पडतो. पादचारी पूल चढून-उतरून जायचे असले की ओस पडतात. माझ्या मते त्यात लोकांचा आळस कमी आणि पूल बांधणाऱ्यांचा विचार जास्त चुकलेला असतो. पायी माणसाला दोन मजले चढवून खाली गाड्यांना मोकळं रान द्यायचं, असा तो विचार. तरीही सहा पदरी वेगवान रस्त्यावर पूल असेल तर चढाच.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत आणि युरोपात बहुतेक ठिकाणी गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपली मान सवयीने चुकीकडे वळते. तिथे आधी डावीकडे बघायचं. लंडनमध्ये आपल्यासारखंच आहे, आणि पाहुण्यांसाठी कुठे बघायचं ते रस्त्यावरच रंगवलेलं असतं. खांबावर बटण असेल तर ते दाबा, न दाबता उभे राहिलात तर काही सिग्नलना तुमचा नंबर लागतच नाही. जर्मनीत लाल दिव्यात ओलांडलं तर पाच युरोचा दंड आहे, पण दंडापेक्षा शेजारी लहान मूल घेऊन उभ्या असलेल्या आईची नजर जास्त लागते.

दिवा बंद असेल, वेळ पुरत नसेल तर

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. तेव्हा तक्रार करताना उपकार मागतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त 'सिग्नल नीट नाही' एवढंच लिहिलं तर ती फाइलमध्ये पडून राहते. चौकाचं नाव, कुठून कुठे ओलांडायचं आहे, दिवसाची वेळ, हिरवा माणूस किती सेकंद राहतो आणि सावकाश चालणाऱ्याला किती लागतात, हे मोजून लिहा, फोटो जोडा. पट्टे, फुटपाथ आणि दुभाजकासाठी महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, दिव्याच्या वेळेसाठी वाहतूक पोलिस. एकच अर्ज दोघांनाही द्या, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.