या चुका टाळा: स्टेपर ड्रायव्हरचा करंट सेट करताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लेबल कापायचं छोटं मशीन आहे. मे महिन्यात त्याचा स्टेपर ड्रायव्हर, म्हणजे स्टेपर मोटरला पायरी-पायरीने फिरवणारा छोटा बोर्ड, उडाला. मालकांनी तसाच दिसणारा ए४९८८ चिपचा बोर्ड आणून बसवला आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन केला, "दादा, मोटरला हात लाववत नाही, आणि मध्येच थांबते पण."

त्यांनी काम मन लावून केलं होतं. जुन्या बोर्डावर व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) ०.८ व्होल्ट होता, म्हणून मीटर लावून नव्यावरही तेवढाच ठेवला. पण जुन्या बोर्डावर चिपशेजारच्या दोन चपट्या रेझिस्टरांवर आर१०० (म्हणजे ०.१ ओहम) छापलेलं होतं आणि नव्यावर आर०५० (०.०५ ओहम). सगळी गडबड तिथेच होती.

या चिपा मोटरला व्होल्टेज मोजून देत नाहीत, करंट मोजून देतात. चिप मोटरच्या कॉइलला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) सप्लाय जोडते, तसा करंट चढू लागतो. तोच करंट या बारक्या रेझिस्टरमधून जातो आणि त्याच्यावर काही मिलिव्होल्ट तयार होतात. ते व्हीरेफने ठरवलेल्या पातळीला टेकले की चिप सप्लाय तोडते. मग काही मायक्रोसेकंद करंट कॉइलमध्येच फिरत उतरतो आणि चिप पुन्हा सप्लाय जोडते. हे सेकंदाला हजारो वेळा होतं. म्हणजे चिपच्या हातातलं माप तो रेझिस्टर आहे. तो बदलला की तुमचं ०.८ व्होल्ट निरर्थक.

ए४९८८ साठी हिशोब असा: व्हीरेफला आठ गुणिले रेझिस्टर याने भागा. ०.१ ओहमवर ०.८ व्होल्टचा १ अँपिअर होतो, ०.०५ ओहमवर २ अँपिअर. मोटर होती १.२ अँपिअरची. मोटर भाजत होती ती यामुळे. मध्येच थांबायची ती चिप तापून स्वतःला बंद करत होती म्हणून. थंड झाली की परत सुरू. डीआरव्ही८८२५ या दुसऱ्या ड्रायव्हर चिपचा हिशोब वेगळा आहे, तिथे आठऐवजी पाच घ्या. आधी रेझिस्टरवरचा आकडा वाचा, मगच पॉटला (व्हीरेफ कमी-जास्त करायच्या बोर्डावरच्या छोट्या स्क्रूला) स्क्रूड्रायव्हर लावा. व्हीरेफ मोजताना काळी प्रोब ग्राउंडला, लाल पॉटच्या धातूला.

दुसरी चूक मला फार वेळा दिसते. मोटरवर २.८ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून लोक घाबरून आहे तो सप्लाय काढून कमी व्होल्टेजचा लावतात. मग मोटर हळू ठीक चालते आणि वेग दिला की स्टेप चुकते. २.८ मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये १ अँपिअर चढायला १२ व्होल्टला साधारण पाव मिलिसेकंद लागतो, २४ ला त्याच्या निम्मा. व्होल्टेज कमी असलं तर करंट चढायच्या आत पुढची स्टेप येते. चिप करंट धरून ठेवते, त्यामुळे जादा व्होल्टेजने मोटर जळत नाही. फक्त चिपची मर्यादा ओलांडू नका: ए४९८८ ला ३५ व्होल्ट.

सप्लायच्या वायरीत अँपिअरमीटर लावून "करंट कमी येतोय" म्हणत पॉट फिरवणंही थांबवा. सप्लाय तुटलेला असतानाही कॉइलमध्ये करंट फिरत असतो, म्हणून सप्लायचा आकडा कॉइलपेक्षा बराच कमीच दिसणार. कॉइलमध्येच मीटर लावून मोजत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की फुल स्टेपमध्ये (मोटर पूर्ण एकेक पायरी टाकते तेव्हा) ए४९८८ प्रत्येक कॉइलला सेट केलेल्याच्या ७० टक्केच देतो.

सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही उपसू नका. कॉइलमधला करंट एकदम तुटतो, व्होल्टेज उसळतं आणि चिप जागीच मरते. त्या कारखान्यातला पहिला ड्रायव्हर असाच गेला होता, हे नंतर बोलण्यात कळलं. मोटर सप्लायच्या पिनांना अगदी लागून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

आणि आपल्याकडचा उन्हाळा हिशोबात धरा. बाहेर ४३ अंश असताना पत्र्याखालच्या बंद पेटीत चिपला श्वास घ्यायला जागा नसते. तिथे मी व्हीरेफ ०.४ वर आणला, पेटीला छोटा पंखा लावला आणि दुपारी तीन वाजता दोन तास मशीन चालवून बघितलं. मोटर कोमट होती, एकही लेबल तिरकं कापलं गेलं नाही.