या चुका टाळा : कुत्र्याला घेऊन फेरीबोटीने कोकण फिरताना

बुंदी आमची गावठी कुत्री. वजन १८ किलो, स्वभावाने गरीब. तिला घेऊन पहिल्यांदा कोकणात निघालो तेव्हा घरात एकच चर्चा होती: बोटीत ती घाबरेल का, पाण्यात उडी मारेल का, उलट्या होतील का. प्रत्यक्षात बोट सुटल्यावर ती नाक वर करून वारा खात उभी राहिली. जो गोंधळ व्हायचा तो त्याआधीच, जेटीच्या उतारावर होऊन गेला होता. तेव्हापासून चार हिवाळे आम्ही हा किनारा करतोय. खाडी ओलांडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. चुका होतात त्या रांगेत, रॅम्पवर आणि पलीकडे उतरल्यानंतर.

मार्ग ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी रो-रो बोट जाते, तिला साधारण तासभर लागतो. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला यायचं आणि फेरीबोटीने दिघीला उतरायचं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर झालं की बागमांडल्याहून वेश्वी, म्हणजे सावित्रीची खाडी. केळशी, आंजर्ले, दापोलीनंतर दाभोळहून धोपावे, ही वाशिष्ठीची खाडी. गुहागर-हेदवीवरून तवसाळला आलात की समोर जयगड, मध्ये शास्त्री नदीचं मुख. मांडव्याचा टप्पा सोडला तर बाकीच्या फेऱ्या दहा ते वीस मिनिटांच्या. कुत्र्याची तयारी त्या वीस मिनिटांसाठी करू नका, आधीच्या तासाभरासाठी करा.

गळपट्ट्याच्या भरवशावर रॅम्प चढवणं

हीच आमची चूक. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली. बोटीने लोखंडी रॅम्प टाकला तेव्हा साखळ्यांचा असा खणखणाट झाला की बुंदीचे कान मागे गेले आणि शेपटी पोटाखाली गेली. समोर ओला, शेवाळलेला काँक्रीटचा उतार, त्यापुढे इंजिनाच्या धडधडीने थरथरणारा लोखंडी पत्रा. तिने नखं रोवली आणि बसकण मारली. मागून गाड्यांचे हॉर्न. मी घाईत पट्टा पुढे ओढला, तिने मान मागे खेचली, आणि गळपट्टा डोक्यावरून सटकून माझ्या हातात राहिला. बुंदी दोन जीपच्या मधून वर रस्त्याकडे पळाली.

मी तिच्यामागे धावणार होते. टोपली घेऊन बसलेल्या एका कोळीण मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बाय, मागं धावू नको, ती आणखी पळंल. हितंच बस खाली." मी ओल्या दगडावर बसले, पाठ अर्धवट वळवली आणि रोजच्या आवाजात तिला हाक मारत राहिले. तीन-चार मिनिटांनी ओलं नाक माझ्या कोपराला लागलं. ती बोट गेली, आम्ही पुढच्या बोटीने गेलो.

घाबरलेला कुत्रा मागे सरकतो, आणि मागे सरकणाऱ्या कुत्र्याच्या डोक्यावरून गळपट्टा निघतो. निमुळत्या डोक्याच्या गावठी कुत्र्यांचा तर हमखास. म्हणून छातीला बसणारा हार्नेस घाला आणि दोरी त्यालाच लावा. गळपट्टा राहू द्या, पण तो फोन नंबर कोरलेल्या बिल्ल्यासाठी. हार्नेसच्या पाठीवर धरायला कडी किंवा मूठ असेल तर रॅम्प आणि काँक्रीट यांच्यामधल्या फटीवरून कुत्र्याला हलकेच उचलून पलीकडे ठेवता येतं. त्या फटीत पंजा अडकू शकतो. नवीन हार्नेस प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा चढवू नका. आधी आठवडाभर घरात घाला, घालताना रोज थोडा खाऊ द्या.

मधेच बसकण मारली तर ओढाओढ करू नका. बाजूला व्हा, मागच्या गाड्या जाऊ द्या. उतरतानाही तेच. पलीकडे बोट लागताच मी पुढे सरसावले तेव्हा खलाशी म्हणाला, "ताई, थांबा जरा. गाड्या जाऊ द्या आधी, मग निवांत उतरवा तिला." आता आम्ही नेहमी शेवटी उतरतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे कुत्र्याला गाडीतच ठेवून गाडी बोटीवर चढवायची. लहान फेऱ्यांना आम्ही हल्ली हेच करतो, मात्र एक माणूस सतत तिच्याजवळ बसलेला असतो.

पायी चढवायचंच असेल तर भरतीची वेळ बघा. भरतीला पाणी वर आलेलं असतं, त्यामुळे चालायला कोरडा उतार मिळतो. ओहोटीला खालचा बुळबुळीत भाग उघडा पडतो. त्याच्या कडेच्या दगडांवर कालवं, म्हणजे शिंपले, चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, पंजाची गादी फाटायला एक पाऊल पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीही खोलवर जाते. कॅलेंडरमधली तिथी बघून निघणं ही जुनी सवय इथे उपयोगी पडते.

रांगेत गाडी बंद करून "पाचच मिनिटं" जाणं

माझ्या मते संपूर्ण प्रवासातली सगळ्यात धोक्याची चूक ही आहे. नाताळ, होळी किंवा मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी दाभोळला किंवा आगरदांड्याला पोचलात की गाड्यांची रांग लागलेली असते. एक जण तिकीट काढायला जातो, दुसरा सोलकढी शोधायला, आणि कुत्रा बंद गाडीत राहतो. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं. काचा बोटभर उघड्या ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामेजत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. आजूबाजूची हवाच तापलेली आणि दमट असेल तर धापा टाकून काही होत नाही. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची अवस्था तर फार लवकर बिघडते. त्यांना एप्रिल-मेमध्ये या मार्गावर आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऊन लागल्याची खूण ओळखा: थांबत नाहीत अशा धापा, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, तोल जाणं, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०४च्या वर गेलं तर एक मिनिटही दवडू नका. सावलीत आणा, साधं पाणी सगळ्या अंगावर ओता आणि वारा घाला. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. पाणी जबरदस्तीने तोंडात ओतू नका, स्वतः प्यायला तर पिऊ द्या. आधी थंड करा, मग दवाखान्याकडे निघा. जाताना एसी चालू ठेवा. थोडं बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण आतल्या अवयवांवरचा परिणाम दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो.

आम्ही पाच लिटर पाण्याचा वेगळा कॅन फक्त बुंदीसाठी ठेवतो आणि शक्यतो सकाळची पहिली-दुसरी फेरी धरतो. दुपारी बोटीचा पत्राही तापतो. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद पत्र्यावर टेकवून बघा. तुम्हाला टेकवता आली नाही तर तिच्या पायांनाही सोसणार नाही.

बोटीवर

डेकवर उभं राहायचं असेल तर कठड्यापासून लांब, मधल्या भागात, दोरी आखूड धरून. लांब सुटणारी गुंडाळी दोरी इथे अजिबात नको. कठड्याला किंवा गाडीच्या बंपरला कुत्रा बांधून सेल्फी काढायला जाऊ नका. भोंगा वाजला की बांधलेला कुत्रा वेडापिसा होतो. शेजारी कुत्र्याला घाबरणारं माणूस असतंच, तेव्हा चढल्यावर आपणच लांबचा कोपरा धरावा. मुसकं घालायचं तर जाळीचं, ज्यातून तोंड उघडून धापा टाकता येतात. तोंड घट्ट आवळणारं कापडी मुसकं उन्हात जिवावर बेतू शकतं.

मांडव्याची मोठी रो-रो आणि गेटवेवरून सुटणाऱ्या प्रवासी बोटी यांचे नियम खाडीतल्या फेरीबोटींसारखे सैल नसतात. कुत्र्याचं तिकीट वेगळं आहे का, त्याला कुठे बसवायचं, गाडीत थांबता येतं का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. धक्क्यावर पोचल्यावर विचारलंत तर हुज्जत घालण्यात बोट जाते. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंदच असतात.

राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होडीत मात्र कुत्रा नेऊ नका. गर्दी, हेलकावे आणि किल्ल्याच्या दाराशी होडीतून पायरीवर टाकायचं पाऊल, हे माणसांनाच अवघड जातं.

पोट भरून निघणं आणि आपली गोळी तिला देणं

बोटीपेक्षा किनाऱ्यावरच्या वळणांनी जास्त मळमळतं, पिल्लांना तर फारच. निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका, पाणी थोडं थोडं चालू ठेवा. सारखे ओठ चाटणं, जांभया, लाळ ही उलटीची पूर्वसूचना असते. ती दिसली की गाडी थांबवून चार पावलं चालवा. त्रास नेहमीचा असेल तर डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीची उलटीची गोळी वजनाप्रमाणे लिहून घ्या. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कधीही देऊ नका, ती कुत्र्यांना विषारी ठरतात. गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने देणं तर त्याहून वाईट, कारण गुंगीतल्या कुत्र्याला तोल सावरता येत नाही आणि उष्णताही सोसत नाही.

किनाऱ्यावर मोकळं सोडणं

पलीकडे उतरल्यावर समोर मैलभर रिकामी वाळू दिसते आणि हात आपोआप दोरीच्या कडीकडे जातो. जरा थांबा. वेळास, आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही घरटी राखायला सुरुवात केली. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत हलवली जातात, कारण ती उकरून खाणाऱ्यांमध्ये कोल्ह्यांबरोबर कुत्रेही असतात. माणसांच्या नजरेतून सुटलेलं घरटं आपल्या कुत्र्याच्या नाकातून सुटेलच असं नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत या किनाऱ्यांवर बुंदी दहा मीटरच्या दोरीला असते. तेवढ्या दोरीतही ती मनसोक्त धावते.

दोरीचा दुसरा उपयोग म्हणजे वाळूत पडलेलं काहीबाही तिच्या तोंडात जाण्याआधी तिला अडवता येतं. जाळ्यातून फेकलेला केंड मासा, तोच फुगणारा, मेलेला असला तरी विषारी असतो. गळाचे आकडे, जेलीफिश, आणि मे महिन्यात वाडीत पडलेल्या आंब्याच्या कोयी. कोय गिळली की आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेची पाळी येते. खारं पाणी ती हटकून पिते. दोन घोटांनी जुलाब होतात, फार प्यायली तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. त्यामुळे किनाऱ्यावर दर पंधरा मिनिटांनी गोडं पाणी पुढे करा.

संध्याकाळी कातळ-सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, फिरवताना टॉर्च हवाच. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप आढळतो, तो लहान असतो आणि दगडाखाली बसतो. पंजा किंवा तोंड अचानक सुजलं तर बांधू नका, चिरू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. जवळच्या डॉक्टरांचा नंबर मुक्कामाला पोचल्याबरोबर घरमालकांकडून घेऊन ठेवा. रात्री शोधाशोध करण्यात तास जातो.

गावातल्या कुत्र्यांशी ओळख करून द्यायचा आग्रह धरू नका, जेटी ही त्यांची हद्द असते. रेबीज आणि बाकीच्या लसी वेळेत झालेल्या असाव्यात, लसीकरणाचं पुस्तक गाडीत आणि त्याचा फोटो फोनमध्ये असावा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) लस घेतली आहे का, हेही निघण्याआधी तपासा.

राहिले गोचीड. कोकणातून परतताना ते सोबत येतात, हे धरूनच चाला. निघण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोचिडांचं औषध द्या आणि रोज रात्री कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नका. गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येऊ शकतो. म्हणून घरी आल्यावर पुढचे तीनेक आठवडे कुत्रा सुस्त वाटला, जेवण टाकलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा, आम्ही कोकणात जाऊन आलोय.