घरात रेल्वेचं मॉडेल मांडताय? खोली तयार करताना या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये बेळगावातली कुठलीही रिकामी खोली मॉडेल रेल्वेसाठी योग्यच वाटते. भिंती कोरड्या, प्लायवूड कडक, मुलांना सुट्टी, मेस्त्रीही मोकळा. जुलै उजाडला की त्याच खोलीचा खरा स्वभाव कळतो. या छंदात बहुतेकांचे पैसे बुडतात ते एवढ्यासाठीच, की खोलीचा एकही पावसाळा न पाहता टेबल ठोकलं जातं. आधी एक आषाढ-श्रावण त्या खोलीत नुसतं जा-ये करा, कोपरे हाताने चाचपा. रूळ दिवाळीनंतर टाकले तरी चालतात.

आपल्याकडे ही अडचण गावागणिक वेगळी आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस ठाण मांडून बसतो आणि जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत ओल जोत्यातून वर चढते. अथणी-रायबागकडे ओलीपेक्षा धुळीची डोकेदुखी जास्त. बेळगाव शहराच्या वाट्याला दोन्ही येतात: चार महिने दमटपणा, मग उघडीप पडली की लाल मातीची धूळ.

ओल कुठून येते ते न बघता रंग देणं

पापुद्रे सुटलेल्या भिंतीवर पुट्टी ओढून वर आकाशी रंग मारला की फोटो छान येतो, आणि पुढच्या पावसात फोड येतात. त्याआधी एक साधी तपासणी करा. दीड-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर दोष हवेतल्या दमटपणाचा. दोन्हींचे उपाय वेगळे. भिंतीतली ओल बाहेरूनच थांबवावी लागते: गिलाव्यातल्या भेगा, गच्चीचा उतार, पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचणं. आतून कितीही महाग रंग लावला तरी लोणा त्याला ढकलून बाहेर येतोच. हवेतल्या दमटपणासाठी मात्र पाऊस चालू असताना खिडक्या बंद, उघडीप असताना वारा मोकळा, आणि परवडत असेल तर हवेतला ओलावा शोषणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर.

कौलारू घर असेल तर वर छत घेतल्याशिवाय काम सुरूच करू नका. कौलांमधून गळणारं पाणी एकवेळ दिसतं तरी. रोज झिरपणारा बारीक चुरा दिसत नाही, तो थेट इंजिनाच्या गिअरमध्ये जातो.

८ बाय ४ चं प्लायवूड आहे तसंच भिंतीला लावणं

दुकानात शीट त्याच मापात मिळतं, म्हणून टेबलही त्याच मापाचं होतं. मग कोपऱ्यात डबा रुळावरून उतरतो आणि कुणाचाच हात पोचत नाही. उभ्या माणसाचा हात आरामात अडीच फुटांपर्यंत जातो. भिंतीलगतचं टेबल त्याहून रुंद नको. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीच्या कडेने इंग्रजी यू आकार घ्यावा आणि मधे माणसाला उभं राहायला निदान अडीच फूट जागा सोडावी. रुळांचा वेढा दारासमोरून जाणार असेल तर तिथला तुकडा उचलून काढता येईल असा करा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर ताटकळायची सवय आपल्याला आहे, पण घरातली मंडळी चहाचा कप घेऊन तशी थांबणार नाहीत. दार आणि खिडकीची झडप आत उघडते का, हेही टेबल ठोकण्याआधीच पाहा.

प्लायवूड साधं एमआर, म्हणजे थोड्याफार दमटपणापुरतंच टिकणारं, घेऊ नका. उकळत्या पाण्यालाही टिकणारं बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन घ्या, बारा मिलिमीटरचं, आणि कापण्याआधी आठवडाभर त्याच खोलीत पडू द्या. रंग किंवा सीलर दोन्ही बाजूंना आणि कडांनाही लावायचा. फक्त वरून लावलं तर खालून दमट हवा शिरते आणि फळी वाकते. माझं विचाराल तर सांगाडा लाकडी नकोच. उद्यमबागेच्या आसपास फॅब्रिकेशनवाले काही कमी नाहीत, चौकोनी पाइपचा सांगाडा फुगत नाही आणि वाळवीला त्याचा उपयोग नाही. टेबल भिंतीपासून तीन-चार इंच सुटं ठेवा, म्हणजे मागे हवा खेळेल आणि वाळवीची माती चढताना दिसेल.

सगळं एकसंध मात्र करू नका. चार-चार फुटांचे भाग बोल्टने जोडा. गणपतीला किंवा लग्नसराईला पाहुणे आले की घरातल्या रिकाम्या खोलीवर पहिला हक्क त्यांचाच असतो. त्यात वाद घालण्यात अर्थ नाही.

वळण आणि चढ मनातल्या मनात ठरवणं

एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणात, एलएचबी डबा (एक्स्प्रेस गाड्यांचा हल्लीचा लांब डबा) सुमारे २७ सेंटिमीटर लांब होतो. खेळण्याच्या संचातल्या १८ इंच त्रिज्येच्या वळणावर असे डबे बाहेर लोंबतात आणि एकमेकांना ओढून उतरवतात. त्रिज्या निदान २४ इंच लागते, म्हणजे पूर्ण वळसा चार फुटांच्या शीटवर बसतच नाही. जागा कमी असेल तर १:१६० चं एन प्रमाण घ्या, नाहीतर छोट्या डब्यांची मालगाडी पळवा.

लोंढ्याच्या पुढचा कॅसलरॉक-कुळे घाट इथल्या प्रत्येकाला मांडायचा असतो. त्या घाटाचा चढ ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात, हे विसरून चालत नाही. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला १० सेंटिमीटर उंची हवी धरली, तर दोन टक्के चढाने ५ मीटर लांबी लागते. घाटाच्या खऱ्या चढाने ३.७ मीटर पुरते, पण वळणावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. डोंगर आणि बोगदे मागच्या भिंतीवर रंगवा, गाडी सपाटीवर पळू द्या.

गाडी अडते तेव्हा

खोलीसाठी स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग असलेले तीन पिनांचे सॉकेट आधीच बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडत नेणं हा धोकाच आहे.

दूरच्या टोकाला गाडी मंदावते, तेव्हा इंजिन उघडून बसू नका. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेचा भरवसा ठेवलेला असतो, तिथेच विजेचा दाब कमी होतो. टेबलाखालून दीड चौरस मिलिमीटरची मुख्य वायर फिरवा आणि दर चार-पाच फुटांवर रुळाला बारीक वायर डाखून द्या.

उन्हाळ्यात रूळ नागमोडी झाले तर सगळे जोड डाखून टाकलेले असणार. ३ मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने साधारण १ मिलिमीटर वाढतो, फळीची हालचाल वेगळीच. काही जोड सुटे ठेवा, वीज त्या बारीक वायरींमधून मिळतेच.

पावसाळ्यानंतर गाडी धक्के देत चालली तर रुळांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसा. सॅंडपेपर नको, ओरखड्यांत घाण अडकून महिन्याभरात दुखणं परत येतं. चाकंही पुसा, नुसते रूळ पुसून उपयोग नाही.

आणि डबे उतरत असतील तर आधी एवढं बघा: एकच डबा जागोजागी उतरतो की सगळे डबे एकाच जागी? पहिलं असेल तर त्या डब्याची चाकं तपासा, दुसरं असेल तर त्या जागेचा रूळ. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एचओसाठी १६.५ मिलिमीटर आहे का, खालची फळी फुगली आहे का, हे पट्टी टेकवून पाहायला दोन मिनिटं लागतात.