अपिलाची मुदत टळली आणि माणूस तुरुंगात: विलंब माफीचा अर्ज कसा करावा

शिक्षा झाली की घरचे बरेचदा आधी हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा कैदेतून सोडवण्यासाठीच्या याचिकेची, चौकशी करतात. त्या याचिकेला ठरावीक मुदत नाही हे खरे, पण सक्षम कोर्टाने रीतसर शिक्षा सुनावली असेल तर ती याचिका सहसा टिकत नाही. अशा वेळी वाट अपिलाची, आणि अपिलाचे दिवस मोजलेले असतात. दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात ६०. फाशी असेल तर तिथेही ३०च. रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली अपिले १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (तिथे बसणाऱ्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे) जातात, रायगडची मुंबईलाच.

आधी उशीर नेमका किती ते काढा. निकालाचा दिवस धरायचा नाही. सत्र न्यायालयाची शिक्षा २ जूनची असेल तर साठावा दिवस १ ऑगस्ट. निकालाच्या नकलेचा अर्ज ५ जूनला दिला आणि नक्कल २० जूनला तयार झाली, तर ते १६ दिवस वगळतात. मुदत १७ ऑगस्टपर्यंत जाते. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात. पाहायची ती तयार झाल्याची. पावसापाण्याचे गावातून कोणी आले नाही म्हणून नक्कल महिनाभर पडून राहिली, तर तो महिना वगळला जात नाही, त्याचे कारण वेगळे द्यावे लागते.

मुदत खरोखर टळली असेल तर लिमिटेशन (मुदतीचा) कायदा, १९६३ च्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करा. 'गरिबी होती, कायदा माहीत नव्हता' एवढ्यावर अर्ज अडतो, कारण त्यात तारीख नसते आणि पुरावाही नसतो. निकालापासून दाखल करण्याच्या दिवसापर्यंत तारीखवार लिहा: निकालाची मोफत प्रत हातात कधी पडली, सावंतवाडीच्या तुरुंगातून कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात कधी हलवले, वकिलाने कागद कधी परत केले, मोफत वकिलासाठी अर्ज कधी दिला. प्रत्येक ओळीला एक कागद जोडा. बदलीचा दाखला, तुरुंग दवाखान्याचे केसपेपर, पोचपावती. बोटीवरच्या नेपाळी खलाशाला निकालाची भाषाच कळली नसेल, तर तो समजावून कोणी आणि कधी सांगितला तेही लिहा. कागद नसेल तिथे कारण फुगवू नका. अपिलातली तारीख आणि प्रतिज्ञापत्रातली तारीख जुळली नाही की खरे कारणही संशयात येते.

प्रतिज्ञापत्र शक्यतो बंद्याचेच असावे, सही तुरुंगाधिकाऱ्यासमोर. भावाला किंवा बायकोला जे स्वतःला माहीत आहे तेवढेच त्यांनी लिहावे.

कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. वकील मिळेपर्यंत थांबू नका: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे कैदी आपले अपील थेट तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि पुढे पाठवणे त्या अधिकाऱ्याचे काम. देताना तारीख आणि जावक क्रमांक लिहून घ्या, उशिराच्या हिशेबात तो कागद सर्वांत उपयोगी पडतो.

अपील, विलंब माफी आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज एकत्रच द्या. उशीर माफ झाल्याशिवाय अपील नोंदले जात नाही, आणि अपिलाशिवाय स्थगितीचा अर्ज पुढे सरकत नाही.