वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियातील आयन: या चुका टाळा

मायटोकॉन्ड्रिया फुगले की ५४० नॅनोमीटरवरची प्रकाशशोषणाची रेघ खाली येते. पण व्हॅलिनोमायसिन (पोटॅशियमला पटलापार नेणारा रेणू, म्हणजे आयनोफोर) घातले, तरी ती जागची हलत नाही. लगेच बाटलीवरची तारीख बघितली जाते. आधी बघा, माध्यमात पोटॅशियमच्या जोडीला कोणता ऋण आयन आहे.

पोटॅशियम एकटा आत शिरला तर धन प्रभार साचतो आणि पुढचा ओघ थांबतो. क्लोराइड उदासीन पीएचला आतल्या पटलातून जेमतेम जातो, म्हणून पोटॅशियम क्लोराइडमध्ये फुगणे दिसत नाही. थायोसायनेट सहज जातो. तो वापरला की रेघ झरझर खाली येते. अ‍ॅसिटेटचा मामला निराळा. तो अ‍ॅसिटिक आम्ल होऊन आत जातो आणि तिथे प्रोटॉन सोडतो. श्वसन बंद असेल, तर त्या प्रोटॉनला बाहेरची वाट हवीच: नायजेरिसिन (पोटॅशियमच्या बदल्यात प्रोटॉन नेणारा आयनोफोर) द्या, किंवा व्हॅलिनोमायसिनसोबत एफसीसीपी (प्रोटॉनला पटलापार नेणारे रसायन). नियंत्रण म्हणून ही तिन्ही माध्यमे शेजारी शेजारी चालवावीत. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

मात्र उंदराच्या यकृतावरचे आडाखे जसेच्या तसे गव्हाला लावू नका. ड्युरम गव्हाच्या (आपला बन्सी त्यातलाच) मायटोकॉन्ड्रियात एटीपीने बंद होणारी पोटॅशियम वाहिनी १९९९ मध्ये दाखवली गेली. तिथे आयनोफोर न घालताही पोटॅशियम आत जातो.

पटलाचे विभव (त्याच्या दोन बाजूंमधला विद्युत फरक) टिकत नसेल, तर मायटोकॉन्ड्रिया काढताना बटाटा कसा वाटून घेतला ते आठवा. वाटताना मेदाम्ले सुटतात आणि प्रोटॉनची गळती वाढवतात. बटाट्यातच १९९५ मध्ये सापडलेले अनकपलिंग प्रथिनही (प्रोटॉनला एटीपी न बनवताच आत येऊ देणारे) त्यांनीच चेतते. मेदाम्लरहित बीएसए (मेदाम्ले धरून ठेवणारे प्रथिन) वाटण्याच्या द्रावणातच हवे, नंतर घालून भागत नाही. सगळे बर्फावर, हे सांगायला नकोच.

सायनाइड देऊन श्वसनाची नेहमीची वाट अडवली म्हणजे विभव शून्य, हेही गृहीत धरू नका. अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज (वनस्पतींतले, सायनाइडला न जुमानणारे विकर) स्वतः प्रोटॉन ढकलत नाही, पण त्याच्यामुळे इलेक्ट्रॉन वाहते राहतात आणि कॉम्प्लेक्स १ (श्वसनसाखळीतला पहिला प्रोटॉन पंप) आपले काम चालू ठेवू शकतो. शून्य हवे असेल तर एफसीसीपी वापरा.

बाहेरून दिलेल्या एनएडीएचवर श्वसन मंद वाटले, तर माध्यमातले ईजीटीए किंवा ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारी रसायने) तपासा. आतल्या पटलाच्या बाहेरच्या बाजूचे, एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घेणारे डिहायड्रोजिनेज विकर बहुधा कॅल्शियमवर अवलंबून असते. थोडे कॅल्शियम क्लोराइड घालून वेग वाढतो का पाहा, मगच नवीन बटाटे सोला.